२०१२ ची टोयोटा हायलक्स, २ लाख ८५ हजार किमी, सगळं आधीच लावलेलं – घेऊ का सोडू?

टार्नेटचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, मेलबर्नला येऊन सहा वर्षं झाली आणि ती सगळी एका जुन्या कोरोलावर काढली. ईस्टरला मित्राच्या गाडीतून डार्गोच्या बाजूला डोंगरात गेलो होतो, नदीतून गाडी घातली, चिखलातून वर काढली, आणि तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय तो निघतच नाहीये. आमच्या आजोबांची संगमेश्वरला जीप होती, पावसाळ्यात लाल चिखलात चौदा माणसं घेऊन चढायची, तर हे रक्तातच आहे असं मी बायकोला सांगून पाहिलं पण तिला काही पटलेलं नाही.

तर यूट (मागे उघडा ट्रे असलेली गाडी) घ्यायचीय, सेकंडहँड, डबल कॅब (चार दारांची). एकूण बजेट २५ हजार डॉलर, त्यातच सगळं बसवायचं. एक जाहिरात सापडलीय: २०१२ ची हायलक्स एसआर५, ३ लिटर डिझेल, मॅन्युअल, २,८५,००० किमी. २ इंची लिफ्ट (गाडी स्प्रिंगवर उंच केलेली), ३३ इंची मड टायर, स्नॉर्कल (इंजिनला छतापासून हवा देणारा पाइप), स्टीलचा बुलबार (पुढचा जाड बंपर), विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), छतावर लांबलचक लाइटबार, मागे कॅनोपी आणि ड्रॉवर, म्हणजे काहीच करायचं शिल्लक नाही. २१,५०० मागतोय. फक्त आरडब्ल्यूसी (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याचा दाखला) नाही, "तुम्ही तुमच्या ओळखीने काढा, हजार कमी करतो" म्हणाला. फोटोत तर लै भारी दिसतेय.

मला गाडीतलं टायर बदलण्यापलीकडे काही येत नाही. बघायला गेलो तर नेमकं काय बघू? आणि हे सगळं सामान वेगवेगळं घेतलं तर ८-१० हजाराचं होतं, म्हणजे सौदा चांगलाच ना?

गिअरबॉक्स_गणपत

भावा, आधी एक सांग, आरडब्ल्यूसी त्याने का नाही काढली? सरळ गाडी असती तर काढून २ हजार जास्तच मागितले असते की. "ओळखीने काढा" म्हणजे त्याला माहितीय ती पास होणार नाही. एक कारण तर मला इथं बसून दिसतंय. या गाडीचं कंपनीचं टायर साधारण ७७५ मिमी व्यासाचं. ३३ इंच म्हणजे ८३८. फोर बाय फोरला ५० मिमीपर्यंत मोठं टायर चालतं, हे ६० च्या वर गेलं. वर लिफ्ट. मग व्हॅस इंजिनिअरचा (गाडीतले बदल तपासून मंजूर करणारा) कागद लागतो, तो आहे का विचार. नसला तर पोलिसाने अडवलं की डिफेक्ट नोटीस तुझ्या नावावर, त्याच्या नाही. आणि टायर मोठं म्हणजे स्पीडोमीटर कमी दाखवतो, काटा १०० वर असेल तेव्हा तू खरा १०८ पर्यंत चाललेला असतोस, आणि इथले कॅमेरे काय सोडत नाहीत कुणाला. किमी पण तसंच, २ लाख ८५ लिहिलंय त्यात मोठ्या टायरवर पळालेले किती ते देव जाणे, खरे त्याहून जास्तच.

आता बघायला गेलास तर. मी चौदा वर्षं डँडेनाँगला गॅरेजात काम करतोय, त्यातून सांगतो.

गाडी थंड पाहिजे. आदल्या दिवशी फोन करून सांग की मी यायच्या आधी सुरू करायची नाही, आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. गरम असली तर तिथूनच परत फिर, खरंच सांगतो. थंड डिझेल सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात सगळं बोलते. जोरात खडखड, पांढरा धूर, म्हणजे इंजेक्टर (डिझेल फवारणारे) बदलायला आले. या ३ लिटरच्या इंजिनात इंजेक्टरच्या खाली तांब्याचे वॉशर असतात, ते गळायला लागले की जळका वायू वर रॉकर कव्हरमधे शिरतो, ऑइलची काजळी होते आणि ती खाली जाऊन ऑइल ओढायच्या जाळीत अडकते. जाळी बंद म्हणजे इंजिन कोरडं, आणि कोरडं इंजिन म्हणजे तुझं सगळं बजेट गेलं. म्हणून ऑइलचं झाकण उघडून आत टॉर्च मार, डांबरासारखा थर दिसला की राम राम.

टायमिंग बेल्ट दर दीड लाखाला. म्हणजे एकदा झालेला असायलाच पाहिजे आणि दुसरा ३ लाखाला आलाच. पावती माग. पावती नाही म्हणजे झालेला नाही असंच धर, तोंडी "हो हो केलाय" ला काय अर्थ नाही.

फोर व्हील लागते का ते डांबरावर बघू नको. ही पार्ट-टाइम आहे, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही, कोरड्या रस्त्यावर एच४ (चारी चाकं, नेहमीचा वेग) टाकून वळवलीस तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि गाडी अडखळत चालते. कच्च्या रस्त्यावर ने, एच४ टाक, मग थांबून एल४ (चारी चाकं, हळू पण जास्त ताकद) टाक, पूर्ण स्टिअरिंग फिरवून सावकाश गोल घे. पुढून टकटक आली तर सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला फिरवणारा सांधा) गेला. कित्येक लोकांनी तो लिव्हर पाच-पाच वर्षं हलवलेला नसतो, मग तो हलतच नाही.

सगळ्यात शेवटी अन् सगळ्यात महत्त्वाचं, खाली झोप. जुना टॉवेल ने, एक स्क्रू ड्रायव्हर ने. चेसिसच्या पट्ट्या आतून पोकळ असतात, गंज आतून येतो, बाहेरून काळा रंग मारलेला असतो. ताजा काळा रंग दिसला तर लै संशय घे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, टणटण आली पाहिजे, थबथब नको.

आणि हे एवढं करूनही मेकॅनिक ने बरोबर. २५०-३०० डॉलरला घरी येऊन बघतात. जिथे विकणारा म्हणतो "मेकॅनिक नको हो, माझ्यावर विश्वास नाही का", तिथे नाहीच ठेवायचा.

स्नॉर्कलशेठ

काहून घाबरवता बे त्याला? गणपतभाऊ तुमच्याकडे फक्त बिघडलेल्या गाड्या येतात म्हणून तुम्हाला सगळ्याच बिघडलेल्या वाटतात. मी माझी यूट अशीच लावून-सजवून घेतली, चार वर्षं झाली, मस्त चालू आहे. नुसतं विंच अन् बुलबार बसवून घ्यायला गेलं तर काय पैसे जातात ते विचारा. टायर बदलून टाकायचे, जुने विकायचे, इंजिनिअरचा कागद काढायचा, संपला विषय.

फक्त स्नॉर्कल चेक कर भाऊ. लोक स्वस्तातला लावतात, आत पाइप नीट जोडतच नाहीत, नुसता शोभेला. इंजिन चालू ठेव आणि वरचं तोंड एखाद्या जाड पुठ्ठ्याने पूर्ण झाक. इंजिन घुसमटून बंद पडलं पाहिजे. आरामात चालत राहिलं तर कुठून तरी हवा आत जाऊन राहिली, अन् जिथून हवा जाते तिथून नदीत पाणी पण जाते.

वेरिबी_वहिनी

आमच्याकडे हा कार्यक्रम होऊन गेलाय म्हणून लिहिते. ह्यांनी पण अशीच "सगळं लावलेली" घेतली, कंपनी दुसरी होती पण गोष्ट तीच. कुणी वजनाबद्दल बोललं नाही म्हणून मी बोलते.

प्रत्येक गाडीला जीव्हीएम असतो, म्हणजे गाडी, डिझेल, माणसं, सामान सगळं धरून जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा. आम्ही पहिल्या कॅम्पिंगला निघालो, दोघं, दोन मुलं, फ्रिज, तंबू, ६० लिटर पाणी. मागची बाजू बसलेली आणि पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर. समोरून येणारे सगळे लाइट मारत होते, आम्हाला वाटलं ओळखीचे आहेत! परत आल्यावर मी हट्टाने वजनकाट्यावर न्यायला लावली. भरलेल्या गाडीचं वजन परवानगीपेक्षा १४० किलो जास्त. आणि त्यात आमचं सामान काही फार नव्हतं. स्टीलचा बुलबार, विंच, ड्रॉवर, कॅनोपी, दुसरी बॅटरी, छतावरची रॅक, ह्यातच सगळं पेलोड (गाडीवर लादता येणारं वजन) आधीच खाल्लेलं होतं. पाहुणा भावजी, तुमच्या जाहिरातीत पण अगदी तीच यादी आहे, बघा.

लिफ्ट केली म्हणजे वजन जास्त चालतं असं नसतं हो. स्प्रिंग जाड घातल्या तरी प्लेटवरचा आकडा तोच राहतो, तो वाढवायचा तर वेगळं सर्टिफिकेट लागतं. आणि जादा वजनात अपघात झाला तर विमावाले काय म्हणतील ह्याचा विचार करा. केलेला प्रत्येक बदल विम्यात कळवायचा असतो, हे पण आम्हाला नंतरच कळलं.

ड्रॉवर शेवटी आम्ही काढले. विकतानाचे पैसे विचारू नका.

टार्नेटचा_पाहुणा

सगळ्यांचे आभार. शनिवारी जाऊन आलो, जे झालं ते लिहितो.

पीपीएसआर (गाडीवरचं कर्ज, चोरी वगैरे दाखवणारा सरकारी रिपोर्ट) आधीच काढला होता, २ डॉलरचं काम. त्यात कर्ज नाही, चोरीची नाही, राइट-ऑफ (विमावाल्यांनी मोडीत काढलेली) नाही, सगळं स्वच्छ. बॉनेट थंड होतं. सुरू पण बरी झाली, थोडी खडखड पण मला वाटलं डिझेल अशीच असते. मग गणपतदादाने सांगितल्याप्रमाणे टॉवेल टाकून खाली शिरलो. मालक म्हणतच होता की ही क्वीन्सलंडची गाडी आहे पण समुद्रावर कधी नेली नाही, फक्त मुलांना शाळेत सोडायला. मी मागच्या चाकाच्या वर चेसिसच्या पट्टीवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ मारली आणि भसकन ओंजळभर वाळू माझ्या तोंडावर! पांढरी, बारीक, ओलसर. डोळ्यात, तोंडात, शर्टात. शाळेत सोडायला कुठल्या बेटावर जात होता देवाला माहीत. वाळूच्या मागोमाग तांबडे पापुद्रे पण पडले, नखाएवढे.

बाहेर आलो तर तो म्हणाला "हां, एकदा फ्रेझरला गेलो होतो बहुतेक" (क्वीन्सलंडचं वाळूचं बेट, आता नाव क'गारी). स्नॉर्कलची पुठ्ठा टेस्ट पण केली, इंजिन आपलं चालूच. टाटा केलं.

पण तेवढ्यात दुसरी सापडली. तेच मॉडेल, २०१३ ची, २,१०,००० किमी, काहीच लावलेलं नाही, टायर पण कंपनीच्या मापाचे. काइनटनजवळ एका वयस्कर शेतकऱ्याची आहे. मागच्या ट्रेला ओरखडे, सीटवर कुत्र्याचे केस, पण डॅशबोर्डमधे सगळ्या पावत्या रबरबँड लावून ठेवलेल्या, बेल्ट १,४८,००० ला बदललेला, तारखेसकट. आरडब्ल्यूसीसकट १९,८०० मागतोय. मेकॅनिकने बघितली, म्हणाला मागचे लीफ स्प्रिंग थकलेत आणि क्लच अजून वर्षभर टिकेल, बाकी घ्या. बायको पहिल्यांदाच "ही बरी दिसते" म्हणाली.

घेतली तर उरलेल्या पाच हजारात आधी काय करू? लिफ्ट?

गिअरबॉक्स_गणपत

घे की भावा, कुत्र्याचे केस व्हॅक्यूमने निघतात, गंज निघत नाही.

सरकारी फी आणि ड्यूटी आधी वेगळी काढून ठेव. मग सगळी ऑइलं बदल, इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शियल. डिफचं ऑइल काढताना स्वतः उभा राहून बघ, दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी गेलंय. डिफचे ब्रीदर पाइप (हवा आत-बाहेर करणाऱ्या नळ्या) वर बॉनेटपर्यंत ओढून घे, किरकोळ खर्च आहे. नदीत गरम डिफ थंड पाण्यात बुडलं की आत हवा आकसते आणि ते पाणी ओढतं, स्नॉर्कलच्या आधी हे. मागच्या स्प्रिंग बदलायच्याच आहेत तर तेव्हा ४० मिमीचा साधा लिफ्ट होऊन जाईल पुढे-मागे मिळून, ५० च्या आत राहा, डोक्याला ताप नाही.

बॅलारॅटचे_काका

मी साठीला आलो आणि तुमच्यासारखाच विंच-बिंच लावून बसलो होतो. अकरा वर्षांत विंच तीन वेळा वापरलं, त्यातलं दोनदा दुसऱ्यांसाठी. टायरची हवा मात्र प्रत्येक वेळी काढली.

तर लेका, चार चांगली एटी (सगळ्या रस्त्यांवर चालणारी) टायर, कंपनीच्याच मापाची पण एलटी म्हणजे जाड बाजूची. एक गेज, एक बरा कॉम्प्रेसर. डोंगरातल्या दगडी रस्त्याला २५-२६ पीएसआय, वाळूत १८ आणि अडकलास तर आणखी खाली, पण मग वळताना सावकाश, नाहीतर टायर रिमवरून सुटतं. हवा कमी केली की टायर लांब पसरतं आणि जिथे तुम्ही लिफ्ट-लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफ लॉक) मागता तिथून साधी गाडी चढून जाते. माझ्या डोळ्यादेखत एका पोराने बिलकुल साध्या गाडीने अशी चढण काढली जिथे लाइटबारवाले दोघे उभे होते.

पुढे-मागे रेटेड रिकव्हरी पॉइंट (अडकलेली गाडी ओढायला पट्टा लावायचे हुक) मात्र लावून घे, किती वजन पेलतात तो आकडा लिहिलेले. आणि टो-बॉलला कधी, कधी म्हणजे कधीच पट्टा अडकवायचा नाही. पट्टा ताणून टो-बॉल तुटला की तो लोखंडी गोळा तोफेसारखा येतो, माणसं मेलीत इथे अशी. मॅक्सट्रॅक्ससारख्या चाकाखाली घालायच्या फळ्या दोन आणि फावडं घे, नव्वद टक्के वेळा तेवढ्यात निघते. यूएचएफ रेडिओ घे, डोंगरात फोनला रेंज नसते, चॅनल १० वर बाकीचे गाडीवाले असतात.

आणि एक दिवसाचं ट्रेनिंग कर. इथे फोर व्हील ड्राइव्ह व्हिक्टोरिया म्हणून सगळ्या क्लबांची मिळून संस्था आहे, तिच्यातला जवळचा क्लब शोध. डार्गोला नेलं होतं म्हणतोस, तिथल्या बिली गोट ब्लफवर पहिल्याच महिन्यात जाऊ नकोस. तो उतार बघून माझ्या बायकोने निम्म्यात दार उघडलं आणि चालत येते म्हणाली. शिवाय जूनच्या लाँग वीकेंडनंतर उंचावरचे बरेच ट्रॅक बंद होतात ते मेलबर्न कपच्या (नोव्हेंबरच्या सुरुवातीची घोड्यांची शर्यत) आसपास उघडतात, निघायच्या आधी यादी बघायची.

आधी जवळ फिर. मी या रविवारी वॉम्बॅटच्या जंगलात जातोय, डेल्सफर्डच्या बाजूला, दोन गाड्या आहेत, तुझी तिसरी. सकाळी ८ ला. टायर नंतर घे, आहेत तेच घेऊन ये, बघू कुठवर जातात.

टार्नेटचा_पाहुणा

काका येतो. गाडी गुरुवारी ताब्यात मिळतेय. कॉम्प्रेसर नाहीये अजून, तुमचा वापरता येईल ना? बायको पण येतेय, तिने विचारलंय की चालत यायची वेळ येणार असेल तर बूट कुठले घालू.

बॅलारॅटचे_काका

कॉम्प्रेसर आहे. बूट चिखलाचे. आणि तुझ्या बायकोला सांग मिसळीचा कट थर्मासात आणा, पाव-फरसाण मी आणतो.