मदत हवी आहे: घाटात गाडीचा रेडिओ लागत नाही

मंडळी,

महिन्यातून एकदा पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, पुढे दापोली अशी चक्कर होते. सोबत बाबा असतात. फोनवरची गाणी त्यांना चालत नाहीत, "रेडिओ लाव" म्हणजे रेडिओच. मुळशीपर्यंत विविध भारती लागतं (101 ऐवजी 101.1 वर लागतं, असो), पुढे नुसती खरखर. एफएम डोंगर ओलांडत नाही हे कळतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मीडियम वेव्हवर पुणे 792 आणि रत्नागिरी 1143 जुन्या गाडीत वाटेत छान लागायचे. या गाडीत पुणे घराखालीसुद्धा 790 वर घोगरं ऐकू येतं, रत्नागिरीचा पत्ताच नाही.

गाडी सेकंडहँड आहे, स्टिरिओ आधीच्या मालकाने बदललेला. छतावर ती माशाच्या पंखासारखी छोटी अँटेना. दुकानदार म्हणतो बूस्टर लावा. लावू का? की जुन्यासारखी लांब काडी बसवू?

प्रतिसाद:
थांबा, खर्च नंतर करा. 101.1 आणि 790 यातच उत्तर आहे. तुमचा सेट अमेरिकेच्या सेटिंगवर आहे. तिकडे मीडियम वेव्हची स्टेशनं 10-10 किलोहर्ट्झवर असतात, आपल्याकडे 9-9 वर. त्यामुळे 792 आणि 1143 हे आकडे तुमच्या सेटवर येणारच नाहीत. मेनूत 'एरिया' किंवा 'रीजन' शोधा, एशिया नाहीतर युरोप करा.

तरीही घाटात रडला, तर सेटमागची निळी वायर बघा. पंखाच्या अँटेनात बहुधा छोटा अँप्लिफायर असतो, त्याला करंट तिथून जातो. स्टिरिओ बदलताना ती हमखास लोंबकळत राहते. मग शहरात सगळं ठीक, बाहेर पडलं की बोंब. काडीच लावायची तर एफएमला साधारण पाऊण मीटरची पुरते. आणि मीडियम वेव्ह ऐकताना मोबाईलचा चार्जर काढून ठेवा, स्वस्तातले फार किरकिर करतात.

धागाकर्ता:
एरिया खरंच यूएसए होता! बदलला. पार्किंगमध्येच 792 स्वच्छ लागलं, चार्जर काढल्यावर मागची किरकिरही गेली. बूस्टर रद्द. निळी वायर मात्र खरोखरच टेप गुंडाळून मोकळी सोडलेली निघाली, ती उद्या इलेक्ट्रिशियनकडून जोडून घेतो. शनिवारी ताम्हिणी. रत्नागिरी कुठपासून लागतं ते इथेच लिहीन.