मदत हवी आहे : सासऱ्यांच्या मोज्याची टाच सरकते, टाके वाढवले तरी बसत नाही

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. स्वेटर, टोपी, मफलर मी लहानपणापासून विणतेय, आईनं शिकवलं. मोजे मात्र यंदा पहिल्यांदाच घेतले आणि पार अडकलेय. दोनदा उसवून झाले.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. माझे सासरे, नाना, वय ७१. अजूनही गव्हाला पाणी भरायला स्वतः जातात. शेतीची लाईट काही दिवस रात्रीचीच असते, त्यामुळे पौष-माघाच्या थंडीत रात्री अकरा ते पहाटेपर्यंत माणूस गमबूट घालून ओल्या वाफ्यात. बाजारचे मोजे त्यांना चालत नाहीत. सकाळी मोजा काढला की नडगीवर रबराची लाल रेघ उमटलेली असते. बोट फिरवलं तर खोबणीसारखी लागते. संध्याकाळी पाय थोडे सुजतात, त्यामुळे ती रेघ दुपारपर्यंत जात नाही. ते बघवेना म्हणून मोजे विणायला घेतले.

लोकर साधी ॲक्रिलिक, चार पदरी. सुया १२ नंबर, म्हणजे २.७५ मिमी. दोन्हीकडून टोकदार सुयांचा संच इथं मिळाला नाही, धुळ्याला आग्रा रोडवर मिळाला. नमुना इंटरनेटवरचा : ६४ टाके, वरून खाली विणायचा. टाचेची पट्टी, म्हणजे टाचेमागचा उभा तुकडा, ३२ टाक्यांवर ३२ ओळी, मग टाके घटवत टाचेखालचं वळण, मग पट्टीच्या दोन्ही कडांचे टाके उचलून घटवत घटवत परत ६४. माझ्या हाताला १० सें.मी.त २८ टाके आणि ४० ओळी बसतात.

पहिला मोजा टाचेपाशी अडकला. जोर लावून चढवला, पण चार पावलं चालले की टाच तळव्याखाली. वरची कडाही घट्ट. मला वाटलं मोजाच लहान झाला, म्हणून दुसरा ७२ टाक्यांचा केला. आता बोटांखाली लोकरीची घडी पडते, पाऊल आत फिरतं, आणि टाच तरीही सरकते! नाना बोलत नाहीत फारसे. एवढंच म्हणाले, "मोजा चांगला शे माय, पन टाच खाले सरकस." तेव्हापासून चैन नाही.

आणखी टाके वाढवू का? की सुई मोठी घेऊ?

पिवळीलोकर

ताई, सरळ १० नंबरची, म्हणजे जाड सुई घ्या, टाके तेवढेच ठेवा. सैल होईल.

उलटसुलट

अगं थांब, सुई बदलू नकोस आणि टाकेही वाढवू नकोस. मोठ्या सुईनं विण विरळ होईल आणि गमबुटात आठ दिवसांत टाच झिजेल. मोज्याची विण स्वेटरपेक्षा दाट लागते.

मला नानांच्या पायाची तीन मापं दे. पंज्याचा घेर, म्हणजे बोटांच्या मुळाशी जिथं पाऊल सर्वात रुंद असतं तिथला. पावलाची लांबी, उभं राहून. आणि तिसरं कोणी घेत नाही ते : टेप टाचेच्या टोकाखालून घेऊन तिरपा वर, पाऊल आणि पाय जिथं वळतात तिथपर्यंत. तो तिरपा घेर. माप संध्याकाळी घे, सूज असतानाचं.

तुझे टाके-ओळी सपाट तुकड्यावर मोजलेत की मोज्यावर? गोल विणताना हात बदलतो. मोज्यावरच मोज.

बोरीकाठ

काकू (काकू म्हटलं तर चालेल ना?), मोज्यावर पुन्हा मोजलं, २८ आणि ४० च आहे. आत्ताच नाना शेतातून आले, लगेच टेप लावला. पंजा २४ सें.मी., लांबी २५.५, तिरपा घेर ३६. तिसऱ्या मापाला टेप कमी पडतोय की काय असं वाटलं, म्हणून दोनदा घेतलं.

उलटसुलट

काकूच म्हण. तुझ्या ३६ मध्येच सगळं आलं.

मोजा पायापेक्षा साधारण दहा टक्के लहान विणायचा, म्हणजे तो ताणून अंगाला धरतो. पंजा २४, त्याचे ९० टक्के २१.६ सें.मी. तुझ्या हाताला एका सें.मी.त २.८ टाके, म्हणजे ६० टाके. तू आधी ६४ केलेस, मग ७२. पंज्याला तर पहिलाच मोजा थोडा मोठा होता. म्हणून ७२ ला बोटांखाली घडी पडली.

आता टाच बघ. ३२ ओळींच्या पट्टीला प्रत्येक कडेला १६ टाके उचललेस, वळणानंतर टाचेवर १८ उरले असतील, पावलाच्या वरच्या बाजूचे ३२. एकूण ८२, म्हणजे साधारण २९ सें.मी. आणि नानांचा पाय तिथं ३६! नानांच्या पावलाची कमान उंच आहे. मोजा तिथं ताणला जातो, पुढं ओढ बसते आणि टाच खालून निघून येते. घेरात टाके वाढवून ही जागा सुटत नाही, कारण अडचण रुंदीची नाही, टाचेच्या उंचीची आहे.

पट्टी ४० ओळींची कर. एक सोडून एक ओळीत कडेचा टाका न विणता सरकवतेस ना, त्या साखळीत मग २० टाके मिळतील. १८ + २० + २० + ३२ = ९०. म्हणजे ३२ सें.मी., आणि ३६ चे ९० टक्के ३२.४. हिशेब ढोबळ आहे, पण पायाला बसतो. माझ्या मिस्टरांचे मोजे पंधरा वर्षं असेच करतेय.

नंतर घटवताना ६४ वर थांबू नकोस, ६० पर्यंत जा. एक फेरी सोडून दोन टाके, म्हणजे ३० फेऱ्या, साडेसात सें.मी.

कापूसवाटा

मध्येच बोलतो. बायको विणते, मी बघतो. आपल्याकडं कापूस पिकतो, मग सुती दोऱ्याचे मोजे का नाही?

उलटसुलट

दादा, सुताला ताण नाही. एकदा सैल झालं की धुवेपर्यंत परत आवळत नाही, आणि ओलं झालं की गार पडतं. ओल्या वाफ्यात उभ्या माणसाला खरी लोकर चांगली, भिजली तरी ऊब धरते. पंचाहत्तर टक्के लोकर आणि पंचवीस टक्के नायलॉनचं मोज्याचं सूत मिळतं, टाचेला टिकतं. महाग आहे, म्हणून आधी ॲक्रिलिकवर माप जमवणं बरोबरच आहे.

बोरीकाठ, एक मात्र लक्षात ठेव. मळ्यात शेकोटी असते. ॲक्रिलिक ठिणगीनं वितळतं आणि कातडीला चिकटतं. नानांना पाय शेकताना मोजे काढायला सांग. खरी लोकर तशी वितळत नाही.

बोरीकाठ

शेकोटीचं डोक्यातच आलं नव्हतं. नाना तर थेट पाय पुढं करून बसतात. आजच सांगते.

वरच्या कडेचं काय करू? दोन सुया एकत्र धरून टाके घातले होते, तरी घट्ट.

उलटसुलट

दोन सुयांनी फक्त पहिल्या ओळीचे टाके मोठे होतात. खाली जो दोरा एका टाक्यातून दुसऱ्यात जातो, तो तेवढाच राहतो आणि ताणल्यावर तोच आवळतो. एकाच सुईवर घाल, पण दोन टाक्यांत सुईवर दाण्याएवढी जागा सोड. हात सवय सोडत नाही, म्हणून प्रत्येक टाक्याला डाव्या हाताचं बोट मध्ये धरून बघ. मग दोन सुलट दोन उलट. नळीला, म्हणजे घोट्याच्या वरच्या भागाला, ६४ ठेव, तिथं कमी करू नकोस, सूज तिथंच आहे. पहिले चार सें.मी. १० नंबरनं विण आणि मग १२ वर ये. इथं मोठी सुई चालते, घासत नाही.

आणि सूज अलीकडची असेल, बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर मोज्याच्या आधी डॉक्टरांना दाखव. साखर असेल तर आत गाठ ठेवू नकोस, दोऱ्याची टोकं बाहेरच्या बाजूनं लपव.

बोरीकाठ

साखर नाही. सूज दोन वर्षांची आहे, डॉक्टरांना दाखवलंय, गोळी चालू आहे. विचारलंत, बरं वाटलं.

शेवटचं एक. नमुन्यात पुढचं टोक १६ टाक्यांवर बंद करायला सांगितलंय. नानांची बोटं आयुष्यभर अनवाणी चालून पसरलेली आहेत, करंगळी तर बाहेरच निघते.

उलटसुलट

मग २४ वर थांब. एक फेरी सोडून चार टाके, नऊ वेळा. ६० चे २४ होतात, साडेचार सें.मी. लागतात. मोज्याची लांबी पायापेक्षा एक सें.मी. कमी ठेव, साडेचोवीस. म्हणजे टाचेच्या मागून २० सें.मी. झाले की टोक सुरू. त्याआधी दोन्ही कडांचा एकेक टाका वरून खाली घे, म्हणजे ३० आणि ३० होतील. २४ टाके ओढून गोळा करू नकोस, बारा-बारा समोरासमोर धरून सुईनं विणीसारखेच शिव. बोटांना कडा लागत नाही.

बोरीकाठ

(सहा दिवसांनी) उजव्या पायाचा झाला! ४० ओळींची पट्टी सुईवर फार लांब वाटत होती, दोनदा मोजली, उसवायचा मोह झाला. पायात घातल्यावर मात्र टाच टाचेवर बसली. रात्री नानांनी उजव्या पायात हा आणि डाव्यात जुना बाजारचा घालून पाणी भरलं. सकाळी ओट्यावर बसून मी स्वतः गमबूट काढला. मोजा वर होता तिथंच. नडगीवर उलट-सुलटच्या फिकट रेघा होत्या, चहा होईपर्यंत गेल्या. डाव्या पायाची लाल रेघ तशीच होती.

डाव्याची पट्टी २६ ओळींवर आलीय.