डूख, सूड आणि लवूळची वानरं

रानवाटेकर:
काल मास्तरांनी टाकलेलं वाचलं आणि रात्री झोप लागेना, म्हणून हे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बीड जिल्ह्यातल्या लवूळला 2021 साली कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, मग वानरांच्या टोळीने ठरवून अडीचशे कुत्री मारून सूड उगवला, आणि यावरून माणसाने ओळखावं की मुकी जनावरंसुद्धा वैर विसरत नाहीत. खाली पन्नास जणांचे जोडलेले हात.

अहो, किती वर्षं तेच दळण दळायचं? तेव्हा चॅनलांनी दळलं, जगभर मीम फिरले, आता तरी जातं थांबवा की. त्या डिसेंबरात वनखात्याने पकडली किती वानरं? दोन. दोघांची टोळी! आणि मेली ती मोठी कुत्री नव्हेत, पिल्लं. वानर ती उचलून झाडावर, टाकीवर, माडीवर न्यायचं, तिथं ती उपाशी राहून नाहीतर खाली पडून मरायची. अडीचशेचा आकडा तर गावात जाऊन आलेल्या बातमीदारांनाही जुळवता आला नाही. बरं, सूडच घ्यायचा तर ज्याने मारलं ते दांडगं कुत्रं सोडून दुधपितं पिल्लू उंचावर नेऊन कुशीत घेऊन कोण बसेल?

वानरांच्या कळपात पिल्लू झालं की (काळं कुळकुळीत असतं ते पहिले काही महिने) बाकीच्या माद्या त्याला हातोहात घेतात. आई निवांत पाला खाते, पिल्लू चौघींकडे फिरून येतं. पाटणादेवीला मी एका मादीला मेलेलं पिल्लू घेऊन हिंडताना पाहिलंय. वाळून चामड्याची पिशवी झाली होती त्याची. एका हाताने ते छातीशी धरून तीन पायांवर चालायची. खायला बसली की ते शेजारी नीट ठेवायची आणि मध्येच हात हलवून त्याच्यावरच्या माशा हाकलायची. तिथले पुजारी म्हणाले, आठवडा झाला असंच चाललंय.

तेव्हा उचलणं, बाळगणं, न सोडणं ही त्या जनावराची सवयच आहे. एखाद-दुसऱ्या वानराला कुत्र्याच्या पिल्लाचा नाद लागला असेल. सूडकथा आपली.

मास्तर:
रानवाटेकर, झोप न लागण्याचं खापर माझ्यावर फोडलंत, आनंद आहे. पण जनावराला आठवण नसते, वैर नसते, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

सिएटलचा प्रयोग ऐकलाय का? वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ यांनी 2006 साली गुहेतल्या आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे तो मुखवटा घालून कोणीही त्या आवारात फिरलं की कावळे ओरडून अंगावर यायचे. तुलनेसाठी दुसरा मुखवटा होता, त्या वेळचे अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांचा. त्याला काही नाही! वर्षं उलटली तरी हेच, आणि ओरडणाऱ्यांत असे कावळे की ज्यांना कधी कोणी पकडलंच नव्हतं.

सिएटल लांब वाटत असेल तर सोलापूरला या. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात मी गच्चीवरच्या डिशवर बांधलेलं कावळ्याचं घरटं काढलं. निम्म्या काड्या, निम्म्या तारा. अंडी नव्हती, नीट बघून काढलं. त्या दिवसापासून पावसाळा लागेपर्यंत मी गच्चीवर पाऊल टाकलं की मागून टोच. डोक्याला तीन जखमा. हेल्मेट घालून झाडांना पाणी घालायचो, शेजारची पोरं व्हिडिओ काढायची. सौ. त्याच गच्चीवर कुरडया, सांडगे घालायची, तासन्‌तास. तिच्याकडे ढुंकून नाही! आता याला तुमच्या भाषेत काय म्हणतात ते सांगा. नाद?

सर्पमित्र_सांगलीकर:
मूळ शब्दच सापाचा आहे. डूख धरतो तो नाग, अशी आपली समजूत. वीस वर्षं साप पकडतोय, एकही डूख धरून माझ्या घरी आलेला नाही आणि मी तर शेकड्यांनी पिशवीत घातलेत. एका वाडीवर तीन दिवसांत तीन नाग निघाले, लोक म्हणाले मारलेल्याचा जोडीदार आला. खुराडं सरकवलं तर खाली उंदरांची बिळंच बिळं. नाग हिशेब चुकता करायला नाही, जेवायला आले होते.

कावळ्याचं मला माहीत नाही. मास्तर, हेल्मेटचा व्हिडिओ टाका.

गोदाकाठचा:
तुम्हा दोघांचं बी वाचलं. आमच्या मावशीचं गाव लवूळच्या शेजारी, मी तेव्हा तिकडंच होतो ऊसतोडीमुळं. म्हणून सांगतो, आमच्याकडं सूड हा शब्द आधी कुणी काढलाच नव्हता. लोक म्हणायचे, "वानराला याड लागलं." सूड म्हणून सांगितलं ते माईकवाल्यांनी. विचारायचेच तसं, "बदला घेतायत का?" समोरचा माणूस काय म्हणणार? हो म्हणला की टीव्हीत.

मावशीच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती, त्यातलं तांबडं वानरानं उचललं. सिमेंटच्या टाकीवर नेलं. मी सोता बघितलंय, मांडीत घेऊन बोटानं त्याची केसं फाकवून काहीतरी वेचून खात होतं, गोचीड नाहीतर पिसवा असंल. पिल्लू कुईकुई करायचं आन ते त्याला आणखीन आवळून धरायचं. आम्ही खालून भाकरी फेकली तर भाकरी वानरानंच खाल्ली. पिल्लाला दूध कोण देणार तिथं?

पण रानवाटेकर, तुम्ही जे "सवय, नाद" म्हणून सोडून देताय ना, ते बी बरोबर नाही. लेकरं काठी घेऊन शाळंत जायची. बाया वाळवण टाकायला गच्चीवर जाईनात. ज्याच्या दारात घडतं त्याला तुमची पाटणादेवी सांगून भागत नाही.

माडाखालचा_राजापूर:
वा, शेवटी कोणीतरी दारातलं बोललं. सूड की माया यावर तुमचं चालू द्या, मी कोकणातून विचारतो: पिकाचं काय?

चाळीस माड आहेत माझे. वांदर येतात ते कोवळे नारळ पाडतात, दोन घोट पाणी पितात, टाकून देतात. केळीचा कोका ओरबाडतात. फणसाची कुयरी नखभर चाखून फेकतात. काजूला मोहोर आला की केलडी येतात, ती लाल तोंडाची, त्यांची वेगळीच तऱ्हा. परसात भाजी लावणं आईने सोडून दिलं, भेंडी बाजारातून आणतो, कोकणातल्या घरात! पूर्वी राखणेला माणूस मिळायचा, आता सगळी मुंबईत. बेचकी, गरनाळ, कुत्रा, सगळं करून झालं. कुत्र्याला तर ते शेपटीला धरून खेळवतात.

नुकसानभरपाईला अर्ज केला तर एका कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, "वानरानेच केलं याला पुरावा? वानरासकट फोटो आहे का?" म्हणजे मी त्याला सांगू, थांब रे बाबा, नारळ हातात धरून इकडे बघ.

शनिवारच्या_सूनबाई:
राजापूरकर दादा, त्रास समजतो, पण त्यांची जंगलं आपणच तोडली ना? भूक लागली की कुठे जाणार ती? आम्ही दर शनिवारी ताम्हिणीत जातो, पोतंभर केळी, चणे, बिस्किटं घेऊन. एक म्हातारा नर आहे, गाडीचा रंग ओळखतो. मुलाच्या हातून अगदी हळूच घेतो, बोट लागू देत नाही. मारुतीचंच रूप ते. सूड-बिड माणसाच्या डोक्यात, ती तर नुसती प्रेमाची भुकेली.

माडाखालचा_राजापूर:
ताई, एक शनिवार माझ्याकडे या पोतं घेऊन. मारुतीची सगळी रूपं दाखवतो, पस्तीस आहेत. आणि जंगल तोडलं हे मला नका सांगू. माझ्या आजोबांनी लावलेली झाडं आहेत, मी तोडलं नाही, तुमच्या फार्महाऊसवाल्यांनी तोडलं.

शनिवारच्या_सूनबाई:
आमचं फार्महाऊस नाही. वन बीएचके आहे, तोही कर्जाचा. वैयक्तिक होऊ नका.

वैद्यकीबाई (जनावरांची डॉक्टर, पण इथे फी घेत नाही):
सूनबाई, रागावू नका पण ते पोतं बंद करा. वानर हे मुळात पाला खाणारं जनावर. त्याच्या पोटात रवंथ करणाऱ्या गाईगुरांसारखे कप्पे असतात, पाला त्यात आंबतो तेव्हा पचतो. त्यात मैदा-साखरेची बिस्किटं म्हणजे बैलाला रोज लाडू. तो म्हातारा गाडीचा रंग ओळखतो म्हणालात ना? त्या रंगाच्या दुसऱ्या गाडीसमोरही तो तसाच येणार, आणि ती थांबली नाही तर? घाटात गाडीखाली आलेल्या वानरांना मी टाके घातले आहेत. चाक फिरून गेल्यावरही एका मादीच्या तोंडात बिस्किटाचा तुकडा होता.

आणि हातातून घ्यायची सवय लागलेला कळप उद्या खाली गावात उतरून पिशवी ओढतो, पोराला ओरबाडतो. तेव्हा पिंजरा वानराला लागतो, बिस्किटवाल्याला नाही.

शनिवारच्या_सूनबाई:
म्हणजे आता पुण्य करणारेच दोषी. छान. पक्ष्यांना दाणे घातले तर दम्याचं कारण, कुत्र्यांना पोळी घातली तर सोसायटीची नोटीस, वानरांना केळं घातलं तर खुनी! दादरच्या कबुतरखान्यावर 2025 साली ताडपत्री टाकली तेव्हाही हेच बोलणारे होते.

टिळकनगरचा_भाडेकरू:
कबुतरांचं नाव काढलंत म्हणून. माझ्या खिडकीत एसीच्या मागे चार पिढ्या झाल्यात. सासऱ्यांच्या फुप्फुसाची तपासणी केली तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात कबुतरं आहेत का? आम्ही ती पाळली नव्हती, वरच्या मजल्यावरच्या पुण्यवंतांनी पोसलेली होती. ताडपत्री फाडणाऱ्यांनी एकदा येऊन माझी खिडकी धुवावी.

रानवाटेकर:
कबुतरांचा धागा वेगळा काढा, हात जोडतो.

टिळकनगरचा_भाडेकरू:
काढणार नाही. तुम्हाला वानर चावलं नाही म्हणून वानरावर निबंध, मला कबुतर चावतंय रोज.

माडाखालचा_राजापूर:
वैद्यकीबाई, तुमचं पटलं. आता पुढचं सांगा. हिमाचलात माकडांची नसबंदी सुरू होऊन कित्येक वर्षं झाली. आमच्याकडे का नाही?

वैद्यकीबाई:
होऊ शकते, पण वानराला शहरातल्या भटक्या कुत्र्याचं माप लावता येत नाही. कळप पकडायचा, शस्त्रक्रिया करायची, परत त्याच जागी सोडायचा. दुसरीकडे सोडला तर तिथल्या कळपाशी मारामाऱ्या. खर्च, माणसं, पिंजरे. आणि तरीही उरलेली वानरं नारळ पाडतच राहणार, लगेच थांबणार नाही. तुम्हाला भरपाई मिळायला हवी हे मात्र शंभर टक्के, फोटो न मागता.

माडाखालचा_राजापूर:
म्हणजे थोडक्यात नाही.

मास्तर:
केळी-कबुतरं झाली असतील तर माझ्या कावळ्याला उत्तर द्या. रानवाटेकर त्यावर मूग गिळून आहेत हे मी नोंदवून ठेवतोय.

रानवाटेकर:
मूग नाही, भाकरी गिळत होतो. बरं, देतो. कावळा चेहरा ओळखतो, मान्य. वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो, मान्य. न पकडलेले कावळेही ओरडले ते इतरांचं बघून शिकले, तेही मान्य. पण त्यातून निघतं एवढंच, की "हा माणूस धोक्याचा आहे, ओरडा, हाकला." विणीच्या दिवसांत हाकलणं. जून उलटल्यावर तुम्हाला टोचलं का? नाही ना? सूड असता तर दिवाळीतही टोचलं असतं.

आणि वानरं गरीब गाय आहेत असं मी कुठेही म्हटलेलं नाही. वानरांचा अभ्यास करणाऱ्या जपानी संशोधक सुगियामांनी धारवाडला 1960च्या दशकात आणि अमेरिकन संशोधक सारा हर्डी यांनी राजस्थानातल्या अबूला 1970च्या दशकात जे पाहिलं ते भयंकर आहे: नवा नर कळप ताब्यात घेतो आणि आधीच्या नराची दुधपिती पिल्लं मारतो. त्यातही सूड नाही. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते, नव्या नराची पिल्लं लवकर होतात, एवढंच. सूडापेक्षा हेच जास्त अंगावर येतं, खरं सांगायचं तर.

मास्तर:
म्हणजे चेहरा लक्षात ठेवायचा, इतरांना शिकवायचा, दिसला की टोचायचं, पण ते वैर नव्हे. हंगामी पाणउतारा. ठीक आहे, मानलं. आमच्या भावकीतही हल्ली एवढंच उरलंय, तेही बांधावर आणि पेरणीच्या दिवसांतच.

अडीचशेचा आकडा मात्र मागे घेतो. मला एका पुतण्याने पाठवलं होतं.

गोदाकाठचा:
घ्या. तेवढ्यासाठी चार दिस भांडलात.

सर्पमित्र_सांगलीकर:
गोदाकाठचे, त्या तांबड्या पिल्लाचं काय झालं ते सांगितलंच नाहीत.

गोदाकाठचा:
दुसऱ्या दिशी सकाळी वानर पाणी प्यायला उतरलं तवा मावसभाऊ शिडी लावून चढला आन शर्टात घालून आणलं. दोन दिस कापसानं दूध पाजलं, जगलं. आता चांगलं दांडगं झालंय, रातीला कोल्हा आला तरी भुंकून हाकलतंय. पण वानराचा हूप ऐकला की कुठं बी असू दे, पळत येऊन मावशीच्या कॉटखाली. बाहेर निघतच नाही. कॉटखालची फरशी पार गुळगुळीत झालीय त्याच्या अंगानं.

मास्तर:
आता ही आठवण म्हणायची की नाही?

रानवाटेकर:
आठवण म्हणा. मी कुठं नाही म्हणतोय.

माडाखालचा_राजापूर:
ते कुत्रं विकायचं असेल तर मला नको.