प्रावरण घट्ट की पातळ? लेकीने अडकवलंय

चहाबाज_आई:
मंडळी, मदत हवीय. लेक नववीत, भूगोलाचा प्रोजेक्ट, थर्माकोलचा अर्धा गोळा रंगवत बसलोय. भूकवच तपकिरी, गाभा पिवळा इथवर ठीक, प्रावरणाला मी लाल दिला आणि म्हटलं हा लाव्हा, यावर प्लेटा तरंगतात. तर म्हणते, आई, भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत असं पुस्तकात आहे आणि आकृतीत त्या प्रावरणातून आरपार गेल्यात, मग लाव्हा कसा? मी म्हटलं आधी जेव. आता ती झोपलीय. आम्हाला तर शाळेत खाली सगळं वितळलेलं असंच शिकवलेलं. आणि घट्ट असेल तर प्लेटा सरकतात कशा? पहिला हात वाळायच्या आत सांगा प्लीज.

घाटवाटा:
लेकीला माझ्याकडून एक चॉकलेट द्या, तिचंच बरोबर आहे. प्रावरण म्हणजे दगडच, चांगला घट्ट, भूकवचाखालून पार २९०० किमीपर्यंत. पातळ आहे तो बाह्य गाभा, लोखंड-निकेलचा, साधारण ५१५० किमीपर्यंत, आणि त्याच्या आत परत घट्ट कारण दाबच तेवढा. हे काही खणून बघितलेलं नाही बरं का, रशियातलं कोलाचं बोअर १२,२६२ मीटरवर थांबलं, म्हणजे ६३७१ किमीपैकी जेमतेम १२. बाकी सगळं लहरींवरून. १८९७ च्या शिलाँगच्या भूकंपाच्या नोंदींवरून ओल्डहॅमने या लहरी वेगवेगळ्या ओळखल्या, तो आपल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला, आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा आहे हे त्यानेच दाखवलं. आतला घट्ट गोळा १९३६ मध्ये इंगे लेहमान या डॅनिश बाईंनी शोधला.

आता सरकायचं. गंगोत्रीची हिमनदी घ्या. बर्फ घट्टच, डोक्यात घातला तर खोक पडेल, तरी दरीतून सावकाश खाली येतच असतो ना. तापलेला दगड तसाच, फक्त वर्षाला काही सेंटिमीटर. प्लेट म्हणजे भूकवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा थंड भाग, साधारण १०० किमी जाड, त्याखालचा थर जरा मऊ. आणि खरा जोर कुठून येतो तर जुना, थंड, जड झालेला समुद्रतळ दुसऱ्या प्लेटखाली बुडतो आणि मागच्याला ओढत नेतो. दोरीवर ओली साडी वाळत घातली आणि एक बाजू जास्त खाली राहिली की कशी सगळीच घसरत जाते, तसं.

पिंट्या_७७:
सगळं घट्टच तर मग ज्वालामुखीतून काय डोंबल येतं बाहेर?

कुकरची_शिट्टी:
@पिंट्या, माझ्या नावातच उत्तर आहे 😀 कुकरमधलं पाणी १०० अंशाच्या वर जाऊनही दाबामुळे पाणीच राहतं, दाब गेला की भस्सकन वाफ. दगडाचंही तसंच, खोलवर तापलेला असून दाबामुळे वितळत नाही, पण वर सरकला की दाब कमी होतो आणि थोडा थोडा वितळायला लागतो. आइसलँडला हेच चाललंय. जपान-इंडोनेशियाकडे वेगळी गंमत, तिथे बुडणाऱ्या समुद्रतळाबरोबर पाणी खाली जातं आणि पाणी लागलं की दगड कमी तापमानाला वितळतो. लहानपणी पॉटचं आईस्क्रीम फिरवताना बर्फावर खडे मीठ टाकायचो आणि बर्फाचं पाणी व्हायचं, आठवतंय?

आपला सह्याद्री पहिल्या प्रकारातला. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाच्या हॉटस्पॉटवर (खोलवरून तापलेला दगड सतत वर येतो ती जागा) होता, लाव्ह्याचे थरावर थर साचले, आज ट्रेकला कड्यांमध्ये दिसतात ते तेच. मग भारत गेला उत्तरेला, हॉटस्पॉट राहिला मागे. लक्षद्वीप-मालदीव ही त्याचीच माग. रियुनियनचा ज्वालामुखी अजून फुटतो.

कराडी_माणूस:
सगळं मान्य, पण प्लेटांच्या कडेला भूकंप होतात असं म्हणतात, तर आमच्या कोयनेचं काय? आज्जी अजून १९६७ चं सांगते, पहाटे भांडी पडली म्हणून मांजराला शिव्या घातल्या आणि मग भिंतच हलायला लागली.

घाटवाटा:
बरोबर पकडलंत. आपण प्लेटच्या मध्ये आहोत, कड हिमालयात. पण प्लेट वर्षाला ५ सेंटिमीटरच्या आसपास तिकडे रेटतेय आणि त्याचा ताण मधल्या जुन्या भेगांमध्येही साठतो. कोयनेला धरण भरल्यावर धक्के सुरू झाले, पाण्याने त्या भेगांना निमित्त दिलं, ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ चा होता. नंतर तिथे गोठण्याला ३ किमी खोल बोअर घेतलं, वर काळा पत्थर आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. किल्लारीही (१९९३) कडेपासून लांबच.

चहाबाज_आई:
बाप रे, एवढं सगळं! सकाळी लेकीला वाचून दाखवलं, साडीचं तिला एकदम पटलं. आता म्हणते मग लाल खोड. पण प्रावरणाला रंग कुठला द्यायचा?

कुकरची_शिट्टी:
हिरवा! खरंच. प्रावरणाच्या वरच्या भागातल्या दगडात ऑलिव्हिन नावाचं खनिज भरपूर असतं आणि ते हिरवट दिसतं. आत हजारभर अंशाला लालभडक असेल ते सोडा, बाईंनी विचारलं तर थंड झाल्यावरचा रंग आहे म्हणा.

चहाबाज_आई:
घरात मेंदी कलर आहे, चालेल?

कुकरची_शिट्टी:
पळेल.