मदत हवी आहे: प्रीकास्ट (तुकडे आधी साच्यात ओतून मग जागेवर जोडायच्या) शेलसाठी साचे कमी कसे करावेत?

नमस्कार मंडळी. ग्रासहॉपर या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म-फाइंडिंग (भार कसा वाहतो त्यावरून आकार शोधणं) करून दुहेरी वक्रतेचं काँक्रीट शेल, म्हणजे पातळ कवचासारखं छत, आखलंय. स्वतःचं वजन ते जवळजवळ निव्वळ दाबानेच पेलतं, म्हणून जाडी बेताची. पण तुकडे पाडले की प्रत्येक पॅनल वेगळं, म्हणजे सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) कोरलेला थर्माकोलचा साचाही वेगळा! सिडनी ऑपेरा हाऊसची शेलं वास्तुकार उत्झन यांनी 75 मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून घेतली, त्यामुळे साचे पुन्हा वापरता आले. माझा आकार तसा गोलात बसवला तर तो दाबरेषेपासून (दाब ज्या मार्गाने खाली वाहतो, त्यापासून) ढळतो, बेंडिंग (वाकवणारा ताण) वाढतं. ते मला नकोय.

सारख्या वक्रतेच्या पॅनलांचे गट करून उरलेला फरक सांध्यातल्या ग्राउटमध्ये (फटीत भरायच्या सिमेंटच्या मिश्रणात) सामावता येतो का? किती मिलिमीटरपर्यंत? उंची बदलता येणाऱ्या पिनांचा साचा कुणी वापरलाय? आणि ग्राउटने ताकद धरल्यावर खालचे टेकू कोणत्या क्रमाने उतरवता?