बांधकाम परवानगी नाकारली तर लवादाकडे जाता येतं का?

गोदाकाठ: मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीतला 4 गुंठ्यांचा प्लॉट आहे. डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. घराचा नकाशा नामंजूर झाला. कुणी म्हणतं पुण्याच्या हरित लवादात (एनजीटीत) जा, कुणी म्हणतं दिवाणी कोर्टातून मनाई आणा. अधिकार नेमका कुणाला?

नकाशेवाला: दोन्ही दारं चुकीची. नकार 1966 च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 45 खाली असतो. त्यावर कलम 47 चं अपील, तेही आदेश हातात पडल्यापासून 40 दिवसांत. ऐकणार राज्य सरकार, किंवा सरकारने नेमलेला किमान उपसचिव दर्जाचा अधिकारी. तिथे अपील फेटाळता येतं, परवानगी देता येते, अटीही बदलता येतात. म्हणजे प्रकरण गुणदोषावर पुन्हा तपासलं जातं.

आदेशाचा लिफाफा फेकू नका, टपालाच्या शिक्क्यावरून दिवस मोजतात. नामंजूर नकाशा, झोन दाखला, मोजणी नकाशा जोडा. नकाराच्या फाईलमधल्या कार्यालयीन टिपणीसाठी माहिती अधिकारात अर्ज जरूर करा, पण उत्तराची वाट बघत बसू नका. त्याला 30 दिवस लागतात अन् मुदत तिथेच संपत येते.

दिवाणी दाव्याच्या आड याच कायद्याचं कलम 149 येतं: असे आदेश अंतिम, त्यांना दाव्यात आव्हान देता येत नाही.

वकिली_चष्मा: हरित लवादाचा अधिकार त्याच्या 2010 च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या 7 कायद्यांपुरताच, आणि त्यात एमआरटीपी नाही. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाची पर्यावरण मंजुरी हा तिथला विषय होऊ शकतो, 4 गुंठ्यांतलं घर नव्हे. गोंधळ शब्दामुळे होतो. एमआरटीपीतही लवाद आणि अपील न्यायाधिकरण आहे, पण ते नगररचना योजनेतल्या अंतिम भूखंड, मोबदला असल्या वादांसाठी.

गोदाकाठ: आणि शेजाऱ्याला दिलेल्या परवानगीवर हरकत असेल तर?

वकिली_चष्मा: कलम 47 फक्त अर्जदारासाठी. हरकत घेणाऱ्याने उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठात संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करायची. कलम 149 रिटच्या आड येत नाही. पण तिथे नकाशा नव्याने तपासत नाहीत. अधिकार होता का, नियम मोडला का, सुनावणी दिली का, एवढंच बघतात.

नकाशेवाला: दादा, खरी अडचण वेगळीच आहे. कलम 46 प्रमाणे परवानगी देताना डीपी बघावीच लागते. आरक्षण कायम असेल तर 47 चं अपील बहुधा आपटतं. 60 दिवसांत उत्तर नाही म्हणून मानीव परवानगी, हेही इथे चालत नाही, कारण ती नियमांत तंतोतंत बसणाऱ्या नकाशालाच मिळते.

अंतिम डीपी अंमलात येऊन 10 वर्षं झाली असतील तर कलम 127 ची नोटीस द्या, मालकीची कागदपत्रं जोडूनच. त्यानंतर 24 महिन्यांत भूसंपादन झालं नाही किंवा त्याची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. 10 वर्षं मंजुरीच्या तारखेपासून मोजू नका. डीपी अंमलात आल्याची तारीख राजपत्रात वेगळी दिलेली असते, आणि दोन आठवडे आधी दिलेली नोटीसही मुदतपूर्व म्हणून फुकट जाते.