मदत हवी आहे: मायस्थेनियात अँटीबॉडीचा आकडा वाढला, त्रास मात्र कमी

बाबांना मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे, म्हणजे शरीराच्याच अँटीबॉडीमुळे स्नायू लवकर दमण्याचा आजार. सुरुवात पापणी पडण्यापासून झाली, मग एकाचे दोन दिसायला लागले. पुढे चावताना जबडा इतका दमायचा की जेवता जेवता हनुवटीला हाताचा टेकू द्यायचे. पायरिडोस्टिग्मिन, प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) आणि अझाथायोप्रिन या औषधांवर आता बरंच बरं आहे. छातीच्या सीटीत थायमोमा (थायमस ग्रंथीची गाठ) नाही.

निदानाच्या वेळी एसीएचआर अँटीबॉडी (स्नायूवर नसेचा संदेश घेणाऱ्या रिसेप्टरला चिकटणारी) ८.२ होती. परवा काकांच्या आग्रहाखातर परत केली, तर १४.६! दादा म्हणतो आजार दुपटीने वाढलाय, स्टिरॉइड आजच वाढवू. पण बाबा न थांबता पूर्ण जेवतात, संध्याकाळी फोनवर गप्पा मारतात. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. खरं कोण, रिपोर्ट की बाबा? आणि आकड्याला अर्थ नसेल तर ही टेस्ट करतातच कशाला?

प्रतिसाद
बाबा खरे. स्टिरॉइडला स्वतःहून हात लावू नका, डोस एकदम वाढवला तर सुरुवातीला मायस्थेनिया उलट बिघडू शकतो.

टेस्ट निदानासाठी असते. अंगभर पसरलेल्या आजारात साधारण ८५ टक्के रुग्णांत ही अँटीबॉडी सापडते, फक्त डोळ्यांच्या आजारात जेमतेम निम्म्यांत. आकडा सांगतो रिसेप्टरला चिकटणाऱ्या अँटीबॉडी किती. त्या तिथे काय करतात ते सांगत नाही. काही कॉम्प्लिमेंटला (रक्तातल्या पेशी फोडणाऱ्या प्रथिनांना) कामाला लावून स्नायूचा पडदाच फोडतात, काही दोन रिसेप्टर एकत्र बांधून पेशीच्या आत ओढायला लावतात, काही नुसती जागा अडवून बसतात. म्हणून आकडा जेमतेम पॉझिटिव्ह असलेला माणूस व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो आणि भलामोठा आकडा असलेला नुसत्या पडलेल्या पापणीवर निभावतो. काही रुग्णांत मस्क या स्नायूवरच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी असते, तिचं थोडं वेगळं आहे, तिथे आकडा आणि त्रास बऱ्यापैकी बरोबर चालतात.

दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का?

धागाकर्ती
नाही, आत्ता बघितलं. पहिला रेडिओइम्युनो पद्धतीचा, दुसरा एलायझाचा. मग आम्ही लक्ष कशावर ठेवायचं?

प्रतिसाद
मग ती तुलनाच बाद, दोन वेगळ्या तपासणी पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत. एमजी-एडीएल नावाची आठ प्रश्नांची प्रश्नावली आहे: बोलणं, चावणं, गिळणं, श्वास, दात घासणं किंवा केस विंचरणं, खुर्चीतून उठणं, दुहेरी दिसणं, पापणी. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २४. दर आठवड्याला भरा आणि तारखेसकट डॉक्टरांना दाखवा. त्यांना आकड्यापेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडेल.

आडवं झाल्यावर धाप लागली, पाणी नाकातून परत आलं, खोकून कफ काढता येईना, मान सावरेना, तर वेळ ठरायची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा. बोटावरचा ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवतोय म्हणून थांबू नका, श्वासाचे स्नायू दमत आले तरी ऑक्सिजन बराच वेळ नॉर्मल राहतो. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर आधी मायस्थेनिया सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिनसारख्या अँटिबायोटिकने त्रास वाढू शकतो.

धागाकर्ती
खूप आभार. दादाला सगळं वाचून दाखवलं. आता विचारतोय, मग स्टिरॉइड कमी कधी करायचं?

प्रतिसाद
तेही डॉक्टरच ठरवतील, दादा नाही. :)